खजिनदार 'चार्ज्ड' आहेत म्हणजे नेमकं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई घणसोलीतल्या एका गृहसंकुलाच्या कार्यालयात काम करतात. इंग्रजीत आलेली पत्रं, लेखापरीक्षकाचे शेरे, वकिलांच्या नोटिसा यांचं मराठी करून सूचना फलकावर लावणं त्यांच्याकडे असतं. लेखापरीक्षणाच्या अहवालात एक वाक्य होतं: 'द ट्रेझरर इज चार्ज्ड विथ मेंटेनिंग द कॅश बुक.' त्यांनी मराठीत लिहिलं, 'खजिनदारांवर रोकडवहीबाबत आरोप आहे.' कागद फलकावर लागला आणि दोन दिवस संकुलात तोच विषय चालला. आता त्या विचारतात की शब्दकोशात 'चार्ज'खाली पंधरा-वीस अर्थ आहेत, त्यातला कोणता कधी घ्यायचा? आणि स्वतः इंग्रजीत लिहिताना पुढे 'ऑफ', 'विथ', 'फॉर', 'टू' यातलं काय लावायचं?

ताई, चूक समजण्यासारखी आहे. वर्तमानपत्रात 'चार्ज्ड विथ' हे शब्द बहुतेक वेळा गुन्ह्याच्या बातमीतच दिसतात, त्यामुळे हात आपोआप 'आरोप' या शब्दाकडे जातो. पण अर्थ पंधरा आहेत ही खरी अडचण नाही. कोशातले अर्थ पाठ केले तरी पुढच्या वाक्यात पुन्हा अडायला होईल, कारण 'चार्ज'चा अर्थ त्या शब्दापेक्षा त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरतो. म्हणून आधी शब्दाचं मूळ चित्र डोळ्यांसमोर आणायचं आणि मग शेजार बघायचा. भाषांतर तपासताना मी याच क्रमाने जातो.

मूळ चित्र गाडीत माल भरण्याचं आहे. लॅटिनमध्ये 'कॅरस' म्हणजे चाकांची गाडी आणि तिच्यात ओझं भरणं म्हणजे 'कॅरिकारे'. तिथून फ्रेंचमार्गे 'चार्ज' इंग्रजीत आला. 'कार' आणि 'कॅरी' त्याच घरातले आणि न्हावा-शेवाच्या बंदरात उतरणारा 'कार्गो'सुद्धा. म्हणजे 'चार्ज' हे मुळात ओझं, भार. हा भार कामाचा असेल, पैशांचा असेल, आरोपाचा असेल, कर्जाचा असेल नाहीतर विजेचा. मराठीनेही यातल्या बऱ्याच ठिकाणी 'भार'च धरून ठेवलाय: कार्यभार, पदभार, प्रभारी, अधिभार, विद्युत प्रभार. 'सरचार्ज'ला 'अधिभार' हा शब्द ज्याने दिला त्याला हे चित्र पक्कं दिसत होतं.

म्हणून वाक्य समोर आलं की स्वतःला तीन गोष्टी विचारा. ओझं कसलं? कोणावर? ठेवलं कोणी? तिसऱ्या प्रश्नाला सर्वांत जास्त महत्त्व द्या. तुमच्या वाक्यात हे ओझं ठेवलंय उपविधींनी, म्हणजे सोसायटीच्या स्वतःच्या नियमांनी. उपविधी कोणावर आरोप करत नाहीत, काम सोपवतात. म्हणून मराठी असं होईल: 'रोकडवही ठेवण्याची जबाबदारी खजिनदारांची आहे.' हेच ओझं पोलिसांनी, न्यायालयाने किंवा चौकशी अधिकाऱ्याने ठेवलं असतं तर तो आरोप झाला असता.

व्याकरण दोन्हीकडे अगदी सारखं असल्यामुळे नुसत्या 'विथ'वरून निकाल लागत नाही. 'चार्ज्ड विथ मेंटेनिंग अकाउंट्स' आणि 'चार्ज्ड विथ मिसअप्रोप्रिएटिंग फंड्स' यांची घडण एकच आहे. फरक पुढच्या क्रियेत आहे. पुढची क्रिया कर्तव्याची असेल, म्हणजे ठेवणं, बघणं, तयार करणं, देखरेख करणं, तर जबाबदारी. ती गुन्ह्याची किंवा गैरवर्तनाची असेल तर आरोप. आणखी एक खूण क्रियापदाच्या काळात सापडते. जबाबदारी कायम चालू असते, त्यामुळे तिथे 'इज चार्ज्ड विथ' येतं. आरोप एका दिवशी ठेवला जातो, त्यामुळे तिथे बहुधा 'वॉज चार्ज्ड' किंवा 'हॅज बीन चार्ज्ड' येतं आणि आसपास तारीख, कलम किंवा पोलीस ठाण्याचं नाव असतं. ही खूण शंभर टक्के नाही, पण शंका असेल तेव्हा वजन कुठल्या पारड्यात टाकायचं ते कळतं. तुम्ही स्वतः इंग्रजीत लिहिताना मात्र जबाबदारीसाठी 'चार्ज्ड विथ' वापरूच नका. 'इज रिस्पॉन्सिबल फॉर' लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला दचकायची वेळ येणार नाही.

कामाच्या ओझ्याचाच दुसरा प्रकार म्हणजे 'इन चार्ज'. इथे एका छोट्या 'द'ने सगळं उलटं होतं. 'द सुपरवायझर इज इन चार्ज ऑफ द पंप रूम' म्हणजे पंप रूम सुपरवायझरच्या ताब्यात आहे. 'द पंप रूम इज इन द चार्ज ऑफ द सुपरवायझर' म्हणजेही तेच, फक्त बाजू बदलली. पण 'द सुपरवायझर इज इन द चार्ज ऑफ द पंप रूम' लिहिलंत तर सुपरवायझर पंप रूमच्या देखरेखीखाली आहे असा अर्थ होतो. नोकरीच्या अर्जात 'आय वॉज इन द चार्ज ऑफ स्टोअर' असं वाक्य सर्रास दिसतं, ते याच चुकीचं. 'द'शिवाय असेल तर आपण सांभाळणारे आणि 'द' लागला की आपल्याला कोणीतरी सांभाळतंय, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

'इनचार्ज' हे नाम म्हणून वापरायची पद्धत आपल्याकडची आहे, 'पार्किंगचे इनचार्ज कोण?' अशी. इथल्या कार्यालयात ते चालतं आणि सगळ्यांना कळतं, तेव्हा त्याला चूक म्हणून खोडत बसू नका. परदेशी पाठवायच्या पत्रात मात्र 'द पर्सन इन चार्ज' लिहा. मराठीत तिथे पदाप्रमाणे शब्द निवडा. शाळेत 'प्रभारी मुख्याध्यापक', बातमीत 'पदभार स्वीकारला', सरकारी पत्रात 'कार्यभार हस्तांतरित केला' आणि सोसायटीच्या फलकावर साधं 'पार्किंगची जबाबदारी यांच्याकडे आहे'.

उपनिबंधक कार्यालयातून येणाऱ्या पत्रांत एक जोडी हमखास भेटेल: 'अ‍ॅडिशनल चार्ज' आणि 'अ‍ॅडिशनल चार्जेस'. पहिल्याचा अर्थ अतिरिक्त कार्यभार, दुसऱ्याचा जादा शुल्क. एकवचन-अनेकवचनाचा हा फरक बऱ्याच ठिकाणी कामाला येतो. 'अ' किंवा 'द' न लागलेला नुसता 'चार्ज' असेल, जसं 'टेक चार्ज', 'हँड ओव्हर चार्ज', तर तो ताबा किंवा कार्यभार असतो. शेवटी 'स' लागून 'चार्जेस' झालं की तो एक तर पैसा असतो नाहीतर आरोप. म्हणूनच 'सोसायटी चार्जेस घेते' याचं 'सोसायटी टेक्स चार्ज' असं इंग्रजी केलंत तर सोसायटीने कारभार हातात घेतला असा अर्थ निघेल. तिथे 'द सोसायटी चार्जेस' म्हणून पुढे रक्कम लिहायची.

आता पैशांकडे येऊ. तुमच्या कामात रोज लागणारा भाग हाच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

आधी इंग्रजी वाक्याची घडण. आपण मराठीत 'माझ्याकडून ५०० रुपये घेतले' म्हणतो, म्हणून इंग्रजीत 'दे चार्ज्ड फ्रॉम मी' असं लिहिलं जातं. इंग्रजीत 'चार्ज'नंतर थेट माणूस येतो, मग रक्कम आणि मग 'फॉर' लावून कशाबद्दल ते: 'दे चार्ज्ड मी फाइव्ह हंड्रेड रुपीज फॉर द डुप्लिकेट शेअर सर्टिफिकेट.' मध्ये 'फ्रॉम' नको. रक्कम कोणाच्या खात्यावर टाकायची हे सांगायचं असेल तर 'टू' येतो: 'प्लीज चार्ज द रिपेअर कॉस्ट टू फ्लॅट ८०४.' याचं मराठी 'दुरुस्तीचा खर्च सदनिका ८०४च्या खात्यावर टाकावा.' आपल्याकडे मोफत या अर्थाने 'फ्री ऑफ कॉस्ट' चालतं, पण इंग्रजीत सगळीकडे रुळलेलं रूप 'फ्री ऑफ चार्ज' आहे.

मराठीत मात्र पैशाच्या 'चार्ज'ला एकच शब्द पुरत नाही. यासाठी महावितरणचं घरगुती वीजबिल समोर घ्या. इतका चांगला धडा दुसरीकडे सापडणार नाही. त्यात 'स्थिर आकार', 'वीज आकार', 'वहन आकार', 'इंधन समायोजन आकार' अशा ओळी येतात आणि मग येते 'वीज शुल्क १६ टक्के'. आधीच्या ओळींत 'आकार' आणि इथे 'शुल्क' का? कारण आधीच्या ओळी इंग्रजीत 'चार्जेस' आहेत, म्हणजे वीज पुरवण्याबद्दल पुरवठा करणारा लावतो तो मोबदला. 'वीज शुल्क' हे इंग्रजीत 'ड्यूटी' आहे, राज्य सरकारकडे जाणारा कर. ज्याने हे बिल मराठीत बांधलं त्याने दोन्हींना सरसकट 'शुल्क' म्हटलं असतं तर कर कुठला आणि मोबदला कुठला ते ग्राहकाला कळलंच नसतं. त्याच बिलावर 'मंजूर भार' असाही एक रकाना असतो. तो 'सँक्शन्ड लोड', किलोवॅटमध्ये. म्हणजे बिलावरचा 'भार' हा 'लोड' आहे आणि 'चार्ज'ला 'आकार' आहे. वीजबिलात 'चार्ज'साठी 'भार' वापरला असता तर दोन्ही एकमेकांत मिसळले असते.

'आकार' हा शब्द मुळात जमीन महसुलाचा. सातबाऱ्यावर क्षेत्राजवळ 'आकार' असतो, तो त्या जमिनीवर बसवलेला सारा. 'आकारणी', 'आकारणे' हे तिथून आलेले. म्हणून वीज, पाणी, टेलिफोन अशा मोजून बसवायच्या रकमेला 'आकार' शोभतो. परवानगी, नोंदणी, हस्तांतरण यांना 'शुल्क' शोभतं, जसं सिडकोच्या भूखंडावरच्या घराच्या विक्रीत येणारं 'हस्तांतरण शुल्क'. रिक्षाचं ते 'भाडं', इंग्रजीत 'फेअर'. डॉक्टर-वकिलाची ती 'फी'. रस्त्याचा तो 'टोल'. नियम मोडल्याचा तो 'दंड', इंग्रजीत 'फाइन'. या सगळ्यांना बोलताना आपण 'चार्जेस' म्हणतो आणि बोलण्यात ते चालतं. लेखी कागदावर नको.

कारण लेखी कागदावर यातून पैशाचा फरक पडतो. तुमच्याच बिलातला 'नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस' घ्या. सदस्याने घर भाड्याने दिलं तर सोसायटी ही रक्कम लावते. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१च्या आदेशाने तिची मर्यादा 'सर्व्हिस चार्जेस'च्या १० टक्के ठरली, महापालिकेचे कर वगळून. इथे 'सर्व्हिस चार्जेस' हे बिलातलं एक ठरावीक शीर्षक आहे, बिलाची एकूण रक्कम नाही. समजा एका सदनिकेचं मासिक बिल ४,५०० रुपये आहे आणि त्यातले सर्व्हिस चार्जेस १,८०० रुपये. नॉन-ऑक्युपन्सी जास्तीत जास्त १८० रुपये होईल. भाषांतरात 'एकूण शुल्काच्या १० टक्के' असं लिहून गेलं तर तीच रक्कम ४५० होते आणि भांडण उभं राहतं. म्हणून मराठी सूचनेत 'सेवा शुल्काच्या १० टक्के' लिहा आणि 'सेवा शुल्क' हा शब्द बिलात जसा छापलाय तसाच ठेवा. एका कागदावर 'सेवा शुल्क', दुसऱ्यावर 'सेवा आकार', तिसऱ्यावर 'देखभाल खर्च' असं झालं की एकच शीर्षक तीन वेगळ्या गोष्टी वाटू लागतं. सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवलेला पैसा) आणि दुरुस्ती निधी हे तर 'चार्ज' नाहीतच, ते सदस्याचं योगदान आहे. त्यांना 'निधी'च म्हणा.

हॉटेलच्या बिलावरचा 'सर्व्हिस चार्ज' निराळा. तो सेवेबद्दल हॉटेलने स्वतः लावलेला असतो, सरकारी कर नव्हे. त्याला 'सेवा कर' लिहिणं ही भाषांतरातली गंभीर चूक आहे, कारण ग्राहक कर समजून निमूट भरतो.

विमानाने माल पाठवणाऱ्यांच्या कागदावर 'चार्जेबल वेट' येतं आणि तिथे वजन आणि पैसा एकत्र येतात. खोकं हलकं पण मोठं असेल तर त्याने अडवलेल्या जागेचं वजन काढतात. सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून त्याला विमान मालवाहतुकीत ६,००० ने भागतात. ६० बाय ५० बाय ४० सेंटिमीटरचं खोकं काट्यावर १२ किलो भरलं तरी जागेचं वजन २० किलो येतं आणि आकारणी २० किलोवर होते. याचं मराठी 'आकारणीयोग्य वजन'. 'शुल्कपात्र वजन'ही चालेल, पण 'भारित वजन' असं काही लिहू नका.

आता कर्जाचं ओझं. बँकेच्या किंवा वकिलाच्या पत्रात 'चार्ज ऑन द प्रॉपर्टी' दिसलं तर तिथे पैसे आकारण्याचा संबंध नाही. तो 'बोजा'. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२च्या कलम १०० मध्ये हा 'चार्ज' येतो. एखाद्याची मालमत्ता दुसऱ्याला देणं असलेल्या रकमेची हमी म्हणून बांधलेली असते, पण ते गहाण नसतं. गहाण म्हणजे 'मॉर्गेज', त्याचं कलम ५८. मराठीत हा फरक आधीपासून पक्का आहे. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा चढतो आणि कर्ज फिटलं की तो कमी करून घ्यायचा असतो. गंमत बघा, एकाच सातबाऱ्यावर 'आकार'ही आहे आणि 'बोजा'ही. इंग्रजी 'चार्ज'च्या दोन अर्थांना मराठीत जे दोन शब्द आहेत, ते तिथे वेगवेगळ्या रकान्यांत बसलेले आहेत.

इथे दोन सापळे आहेत. पहिला 'फिक्स्ड चार्ज'चा. वीजबिलात तो 'स्थिर आकार'. कंपनीच्या कर्जाच्या कागदात तोच शब्द म्हणजे ठरावीक मालमत्तेवरचा, उदाहरणार्थ एका यंत्रावरचा बोजा. त्याच्या जोडीला 'फ्लोटिंग चार्ज' असतो, म्हणजे गोदामातल्या सतत बदलत्या मालावरचा. दोन्ही ठिकाणी शब्द तोच, व्याकरण तेच. कागद कुठल्या खात्याचा आहे हे बघितल्याशिवाय उत्तर देताच येणार नाही, म्हणून पत्राचा मथळा आधी वाचायचा. दुसरा सापळा 'सॅटिस्फॅक्शन ऑफ चार्ज'. याचं मराठी 'शुल्काबाबत समाधान' असं करू नका. कर्ज फिटून बोजा उतरल्याची ती नोंद. कंपनी अधिनियम, २०१३ प्रमाणे बोजा निर्माण झाल्याची नोंद ३० दिवसांत करावी लागते आणि बोजा फिटल्याची माहितीही ३० दिवसांत द्यावी लागते. पहिल्यासाठी अर्ज सीएचजी-१, दुसऱ्यासाठी सीएचजी-४. मराठी मथळा द्यायचा तर 'बोजामुक्तीची नोंद' द्या.

आरोपाच्या बाबतीत इंग्रजीत प्रत्येक क्रियापद आपलं शेपूट घेऊन येतं आणि ती अदलाबदल करता येत नाहीत. 'अ‍ॅक्यूज्ड ऑफ', 'चार्ज्ड विथ', 'कन्व्हिक्टेड ऑफ', 'अ‍ॅक्विटेड ऑफ', 'अरेस्टेड ऑन अ चार्ज ऑफ'. 'चार्ज्ड फॉर थेफ्ट' हे चूक. 'फॉर' लावला की कान पैशाच्या अर्थाकडे वळतो.

मराठीत टप्पे वेगळे ठेवणं त्याहून महत्त्वाचं, कारण माणसाच्या नावाचा प्रश्न असतो. पोलीस तपास संपल्यावर न्यायालयात जे दाखल करतात ते 'आरोपपत्र', रोजच्या भाषेत 'चार्जशीट'. कायद्यात त्याला तपास पूर्ण झाल्यावरचा पोलीस अधिकाऱ्याचा अहवाल म्हटलंय. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७३, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३. त्यानंतर न्यायालय 'फ्रेमिंग ऑफ चार्जेस' करतं, म्हणजे आरोप निश्चित करतं. यातल्या कुठल्याही टप्प्यावर तो माणूस दोषी ठरलेला नसतो. न्यायालयाला आरोप ठेवण्याइतकंही काही दिसलं नाही तर तो 'डिस्चार्ज' होतो, मराठीत 'आरोपमुक्त'. खटला पूर्ण चालून सुटला तर 'अ‍ॅक्विटल', मराठीत 'निर्दोष मुक्तता'. सोसायटीच्या फलकावर कोणाबद्दल असं काही लिहायची वेळ आलीच तर पत्रात जो टप्पा आहे तोच शब्द लिहा, पुढचा नको. नोकरीतल्या विभागीय चौकशीत येणारं 'चार्जशीट' हे 'दोषारोपपत्र'. त्याचा पोलिसांशी संबंध असेलच असं नाही.

'लाठीचार्ज' हा या कुटुंबात जरा बाजूला बसतो. तिथे 'चार्ज' म्हणजे चालून जाणं, बैल अंगावर धावून यावा तसं. ओझ्याचं चित्र इथे ओढून लावण्यात अर्थ नाही. मराठीत 'लाठीमार' हा नेमका शब्द तयार आहे, तोच लिहावा.

विजेचा 'चार्ज' तुमच्या कामात कमी येईल, पण मोबाइल सगळ्यांकडे आहे. आपण 'मोबाइलला चार्जिंग नाही' म्हणतो. त्याचं 'माय फोन हॅज नो चार्जिंग' होत नाही, कारण इंग्रजीत 'चार्जिंग' ही क्रिया आहे आणि उरतो किंवा संपतो तो 'चार्ज'. 'माय फोन हॅज नो चार्ज लेफ्ट' किंवा 'माय बॅटरी इज डेड' म्हणा. बॅटरीवर छापलेले ५,००० मिलिअँपिअर-तास हा खरोखरच साठलेला प्रभार आहे, हिशेबाने १८,००० कूलॉम. पाठ्यपुस्तकात 'विद्युत प्रभार' असं वाचता तोच हा. बोलताना च आणि ज दोन्ही 'चिमणी' आणि 'जीभ' यांतल्यासारखे म्हणा, 'चमचा' आणि 'जहाज' यांतल्यासारखे नकोत.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांत काम करणारे वाचत असतील तर त्यांच्यासाठी हा भाग मुद्दाम लिहितो, कारण तिथे चुकीचा अर्थ अंगावर येतो. कार्यपद्धतीच्या कागदात 'चार्ज २०० केजी टोल्युइन इंटू द रिअ‍ॅक्टर' असतं. टोल्युइन हा पेट घेणारा द्रव आणि रिअ‍ॅक्टर म्हणजे रासायनिक क्रिया घडवायचं भांडं. इथे 'चार्ज' म्हणजे भरणं, अगदी मूळच्या गाडी भरण्यासारखं. यंत्राकडून भाषांतर करून घेतलं तर 'शुल्क आकारा' असंही येऊ शकतं. निदान ती चूक चटकन दिसते. खरा घोटाळा पुढच्या ओळीत असतो. तिथे 'स्टॅटिक चार्ज'बद्दल इशारा असतो. टोल्युइन वीज फारशी वाहून नेत नाही, त्यामुळे पाइपमधून जोरात वाहताना त्यात स्थिर विद्युत प्रभार साठतो आणि ठिणगी पडली तर बाष्प पेटतं. म्हणून आधी नायट्रोजन सोडून भांड्यातली हवा घालवणं, भांडं आणि ड्रम दोन्हींना अर्थिंग आणि पाइपचं तोंड द्रवात बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत. एकाच परिच्छेदात 'चार्ज' दोनदा येतो, एकदा भरण्यासाठी आणि एकदा प्रभारासाठी. मराठी कागदात पहिल्याला 'भरा' किंवा 'सोडा' आणि दुसऱ्याला 'स्थिर विद्युत प्रभार' असे अगदी वेगळे शब्द वापरा. दोन्हीकडे नुसतं 'चार्ज' ठेवलं तर रात्रपाळीच्या माणसाला इशारा कशाबद्दल आहे ते कळणार नाही.

एसीचा 'गॅस चार्जिंग'ही याच जातीचा. बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर गॅसचा प्रकार आणि 'चार्ज' किती ग्रॅम ते छापलेलं असतं, तेवढाच भरायचा. 'द टेक्निशियन ओव्हरचार्ज्ड' हे वाक्य मात्र अर्धवट आहे. पुढे 'द युनिट' असेल तर गॅस जास्त भरला आणि 'मी' असेल तर पैसे जास्त घेतले. तक्रारीच्या पत्रात हा पुढचा शब्द गाळू नका.

'डिस्चार्ज' आणि 'रीचार्ज' ही ओझं उतरवण्याची आणि पुन्हा भरण्याची जोडी, म्हणून त्यांचेही अर्थ तितकेच पसरलेले. रुग्णालयातून 'डिस्चार्ज' म्हणजे घरी सोडलं. 'डिस्चार्ज ऑफ ड्यूटीज' म्हणजे कर्तव्य पार पाडणं, सोडणं नव्हे. हे उलटं भाषांतर समितीच्या ठरावात गेलं तर पदाधिकाऱ्यांनी काम सोडलं असं दिसतं. धरणातून पाण्याचा 'डिस्चार्ज' म्हणजे 'विसर्ग'. आणि संकुलाच्या बोअरवेलजवळचा 'रीचार्ज पिट' म्हणजे 'पुनर्भरण खड्डा'. तिथे मोबाइलवाला 'रिचार्ज' लिहिलात तरी लोकांना कळेल, पण 'पुनर्भरण' हा शब्द पाणी जमिनीत मुरवायचं आहे हे सांगतो.

राहता राहिला तुमच्या फलकावरचा कागद. तो नुसता काढून टाकू नका, कारण वाचलेल्यांच्या मनात 'आरोप' तसाच राहील. त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरांत शुद्धिपत्र लावा आणि मूळ सूचनेची तारीख त्यात घ्या. मजकूर साधारण असा ठेवता येईल: 'लेखापरीक्षण अहवालाच्या मराठी अनुवादात चूक झाली होती. मूळ वाक्याचा अर्थ, रोकडवही ठेवण्याची जबाबदारी खजिनदारांची आहे, असा आहे. अहवालातील या वाक्यात खजिनदारांवर कोणताही आरोप केलेला नाही. आधीची सूचना रद्द समजावी.' मूळ इंग्रजी वाक्य खाली जसंच्या तसं उतरवा, म्हणजे ज्याला ताडून बघायचं त्याला बघता येईल. अध्यक्ष किंवा सचिवांची सही घ्या, एक प्रत खजिनदारांच्या हातात द्या आणि एक अहवालाच्या फायलीला लावा. आधीची सूचना संकुलाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेली असेल तर शुद्धिपत्रही तिथेच आणि त्याच दिवशी जाऊ द्या.